ऑपरेशननंतर पेशंटचं पुढं काय झालं? हा प्रश्न विचारला म्हणून बोस्टनच्या सर्जनला वाळीत टाकलं होतं

मंडईत भेंडी घ्यायला गेलं की आपण काय करतो? भाव विचारतो, एका भेंडीचं टोक मोडून बघतो आणि कट्ट आवाज आला तरच पाव किलो करायला सांगतो. नाहीतर पुढचा गाळा.

मागच्या वर्षी आमच्या घरात एक ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटल मंडईपासून फार लांब नव्हतं. खर्चाचा अंदाज लगेच प्रिंट काढून मिळाला. खोलीचं भाडं, ओटी चार्जेस, भूलतज्ज्ञांची फी, सगळं ओळीनं. काकांनी हळूच विचारलं, इथं हेच ऑपरेशन झालेले पेशंट वर्षभरानं कसे आहेत, ते कुठं कळेल? काउंटरवरचा मुलगा गोंधळला. त्याची काही चूक नव्हती, त्याच्या कागदावर तसा रकानाच नव्हता.

हा रकाना असलाच पाहिजे म्हणून शंभर वर्षांपूर्वी एका सर्जननं आपलं करिअर पणाला लावलं होतं. त्याचं नाव अर्नेस्ट ॲमोरी कॉडमन. हाडांच्या कॅन्सरच्या अभ्यासात आजही त्याचं नाव निघतं, पण त्याचं खरं भांडण वेगळंच होतं.

कॉडमनचा जन्म 30 डिसेंबर 1869 चा, बोस्टनच्या खात्यापित्या घरातला. हार्वर्डमध्ये डॉक्टरकी शिकताना हार्वे कुशिंग त्याचा मित्र होता. हाच कुशिंग पुढं मेंदूच्या सर्जरीतलं मोठं नाव झाला. त्या काळी ईथर देऊन पेशंटला बेशुद्ध करायचं काम विद्यार्थ्यांकडं असायचं आणि त्यात पेशंट दगावायचेही. तर या दोघांनी पैज लावली. ज्याचे पेशंट भुलीतून जास्त चांगले बाहेर येतील तो जिंकला, आणि हरणाऱ्यानं जेवण द्यायचं. पण जिंकलं कोण हे ठरवायला नोंद हवी. म्हणून ऑपरेशन चालू असताना नाडी आणि श्वास कागदावर लिहायला सुरुवात झाली. आज प्रत्येक ओटीत भूलतज्ज्ञ जो तक्ता भरतात, त्याची सुरुवात जेवणाच्या पैजेतून झाली आहे.

1895 मध्ये तो डॉक्टर झाला, पुढच्याच वर्षी नव्याकोऱ्या एक्स-रेवर काम करू लागला आणि मग मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सर्जन झाला. हे अमेरिकेतल्या नामांकित हॉस्पिटलांपैकी एक. इथंच त्याला एक गोष्ट खटकायला लागली. हॉस्पिटलं दरवर्षी अहवाल छापायची. किती पेशंट आले, किती पैसा आला, किती गेला, सगळा हिशोब चोख. पण आलेला माणूस बरा झाला का, हे कुठंच नसायचं. म्हणजे खर्चाचा हिशोब होता, त्या खर्चातून मिळालं काय याचा नव्हता.

त्याचा उपाय अगदी साधा होता. प्रत्येक पेशंटचं एक कार्ड करायचं. काय त्रास होता, निदान काय केलं, उपचार काय दिले, गुंतागुंत काय झाली आणि एक वर्षानंतर माणूस कसा आहे. निकाल चांगला नसेल तर का नाही, तेही लिहायचं. चूक ज्ञानाची होती, हाताची होती, निर्णयाची होती, की आजारच हाताबाहेर गेला होता? आणि हे सगळं छापून लोकांसमोर ठेवायचं. या पद्धतीला त्यानं नाव दिलं 'एंड रिझल्ट', म्हणजे अंतिम निकाल.

सहकाऱ्यांना हे काही पटेना. सगळ्यात मोठी अडचण बढतीची होती. तिथं सर्जनची बढती ज्येष्ठतेनं व्हायची. निकाल मोजायचे म्हटलं तर एखादा ज्युनिअर सिनिअरच्या पुढं जाणार. आपल्याकडं सरकारी नोकरीत कुणी असेल त्याला हा विषय वेगळा समजावून सांगायला नको.

1911 मध्ये कॉडमननं बोस्टनमध्ये स्वतःचं छोटं हॉस्पिटल काढलं आणि जे सांगत होता ते करून दाखवलं. 1911 ते 1916 या काळात तिथून 337 पेशंट घरी गेले आणि त्यानं 123 चुका नोंदवल्या. बहुतेक सर्जरी तोच करायचा, म्हणजे त्या चुकांचा मोठा वाटा त्याचाच. हे अहवाल त्यानं स्वतःच्या खर्चानं छापले आणि देशभरच्या हॉस्पिटलांना पाठवले. आज एखादा डॉक्टर असं इन्स्टाग्रामवर टाकेल का, विचार करा.

1914 मध्ये त्यानं मॅसॅच्युसेट्स जनरलचा राजीनामा दिला आणि लगेच दुसरा अर्ज टाकला, मला प्रमुख सर्जन करा, माझे निकाल बाकीच्यांपेक्षा चांगले आहेत! अर्थात कुणी केलं नाही. माणूस हट्टी होता आणि जिभेवर ताबा नव्हता, हेही मान्य करायला पाहिजे.

मग आली 6 जानेवारी 1915 ची सभा. बोस्टनच्या डॉक्टरांच्या या सभेला शहराचा महापौरही आला होता. अध्यक्षस्थानी असलेल्या कॉडमननं शेवटी एका मोठ्या व्यंगचित्रावरचा पडदा काढला. चित्रात बोस्टनच्या श्रीमंत वस्तीचं शहामृग वाळूत डोकं खुपसून उभं होतं आणि मागच्या मागं सोन्याची अंडी डॉक्टरांकडं लाथाडत होतं. बाजूला हॉस्पिटलचे विश्वस्त विचारात पडलेले, खरे निकाल सांगितले तर ही अंडी मिळत राहतील का? हार्वर्डचे अध्यक्षसुद्धा त्या चित्रात होते.

सभेत गोंधळ उडाला. कॉडमनचं त्या संघटनेतलं पद गेलं, हार्वर्डमधली शिकवण्याची जागाही गेली. दुसरे डॉक्टर पेशंट पाठवेनात, कमाई घसरली. 1917 च्या डिसेंबरमध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याच्या जहाजाचा प्रचंड स्फोट झाला. कॉडमन जखमींवर उपचार करायला तिकडं गेला, नंतर सैन्यात भरती झाला. त्याचं हॉस्पिटल कायमचं बंद पडलं.

त्याची कल्पना मात्र अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेत शिरली होती. संस्थेनं 100 किंवा जास्त खाटांच्या 692 हॉस्पिटलांची पाहणी केली. अगदी किमान निकषांत बसली फक्त 89. नामवंत हॉस्पिटलं नापास झाली होती. 1919 मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात ही यादी पत्रकारांच्या हाती लागू नये म्हणून तिथल्याच भट्टीत जाळून टाकली.

कॅन्सरचा भाग इथून सुरू होतो. हाडांचा सार्कोमा झालेल्या एका पेशंटच्या घरच्यांनी कॉडमनला विचारलं, यातून कुणी वाचलंय का? माहिती शोधायला पैसेही देऊ केले. तो शोधायला लागला तर कळलं की कुणालाच नीट माहीत नाही. आजार इतका दुर्मीळ की एका सर्जनला आयुष्यात मोजकेच पेशंट दिसणार. एकाच गाठीला दोन पॅथॉलॉजिस्ट दोन नावं देणार. आणि या गोंधळावर पाय कापायचा की ठेवायचा हे ठरणार. म्हणून 1920 मध्ये त्यानं देशभरच्या सर्जनना पत्रं लिहून प्रत्येक केसचे एक्स-रे, स्लाइड आणि पुढं काय झालं ते एका जागी गोळा करायला घेतलं. ही हाडांच्या सार्कोमाची रजिस्ट्री अमेरिकेतली पहिली कॅन्सर नोंदवही मानली जाते. हाडाच्या गाठीच्या एक्स-रेत कडेला दिसणाऱ्या तिकोनी सावलीला आजही 'कॉडमन ट्रँगल' म्हणतात.

आपल्याकडं अशी नोंदवही 1963 मध्ये मुंबईत सुरू झाली. टाटा हॉस्पिटलचे कॅन्सर सर्जन डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकारानं इंडियन कॅन्सर सोसायटीनं ती काढली, नंतर पुण्यातही काढली. मात्र शहरात कोणता कॅन्सर किती जणांना होतोय हे तिच्यातून कळतं. कुठल्या हॉस्पिटलातल्या कुठल्या सर्जनचे पेशंट कसे आहेत, हे नाही. काकांचा प्रश्न तिथंच आहे.

पुन्हा मंडईत येऊ. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. इमारत उभी राहिलीच, आणि पुढं आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं तिला नाव मिळालं महात्मा फुल्यांचं. कॉडमनचंही तसंच झालं. ज्या मॅसॅच्युसेट्स जनरलचा त्यानं राजीनामा दिला, तिथं आज सर्जरीचे निकाल तपासणारं केंद्र आहे आणि त्याला नाव कॉडमनचं आहे.

हे बघायला तो नव्हता. 23 नोव्हेंबर 1940 ला मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरनं तो गेला. केंब्रिजच्या माउंट ऑबर्न स्मशानभूमीत त्याला पुरलं, पण कबरीवर दगड नव्हता. तो बसायला 2014 उजाडलं.