खडकातील तेलाचा ठाव देणारे फेलिक्स ब्लॉख

कोल्हापूर - रुग्णाच्या शरीराचा वेध घेणारे एमआरआय तंत्र कोल्हापूरकरांना परिचित आहे. तेलविहिरीतून काढलेल्या खडकाचीही तशीच तपासणी होते, हे मात्र फारसे ठाऊक नसते. दोन्हींच्या मुळाशी फेलिक्स ब्लॉख यांचे संशोधन आहे.

ब्लॉख यांचा जन्म झुरिच येथे २३ ऑक्टोबर १९०५ रोजी ज्यू कुटुंबात झाला. लाइपझिगमध्ये हायझेनबर्ग यांच्या मार्गदर्शनाखाली १९२८ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. हिटलर सत्तेवर येताच, १९३३ मध्ये त्यांनी जर्मनी सोडली आणि पुढील वर्षी ते अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात रुजू झाले. महायुद्धात रडारवर काम करताना रेडिओ तंत्राचा परिचय झाला. तोच पुढे उपयोगी पडला. १९४६ मध्ये त्यांनी साध्या पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे चुंबकीय संकेत टिपले. हार्वर्डमध्ये पर्सेल यांनी थोडे आधी मेणावर हेच साधले होते. १९५२ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले.

विचलित झालेली अणुकेंद्रे पूर्वस्थितीत येण्यास लागणारे दोन काल ब्लॉख यांनी आपल्या समीकरणांत मांडले. तेलशास्त्राला लाभ झाला तो येथेच. मोकळ्या पाण्यात हा काल काही सेकंदांचा असतो. खडकाच्या सूक्ष्म छिद्रात, भिंतीच्या सान्निध्यामुळे, तो मिलिसेकंदांवर येतो. त्यावरून छिद्रांचा आकार कळतो.

नैसर्गिक दाब ओसरल्यावर पाणी सोडून तेल रेटले, तरी अनेकदा निम्म्याहून अधिक तेल खडकातच अडकून राहते. ते कार्बन डायऑक्साइडने सुटेल, की साबणासारख्या द्रव्यांनी, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत खडकाच्या नमुन्यात साध्याऐवजी जड पाणी सोडतात. जड पाण्याचा संकेत तेथे उमटत नाही. उरतो तो केवळ तेलाचा. खडक न फोडता शिल्लक तेलाचा हिशेब लागतो. कोल्हापूरच्या काळ्या पाषाणात तेल नाही, पण १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायचे तेल अशाच सच्छिद्र, चुनखडीच्या खडकात आहे.

मुंबईशी ब्लॉख यांचा आणखी एक धागा जुळतो. स्टॅनफर्डमध्ये १९५१ साली अल्कोहोलमधील हायड्रोजनचे तीन वेगळे संकेत दाखविणाऱ्या तिघांत एस. एस. धर्मट्टी होते. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा गट त्यांनीच उभा केला.

‘सर्न’चे पहिले महासंचालकपद ब्लॉख यांनी १९५४ मध्ये स्वीकारले; पण प्रशासनात मन रमले नाही आणि वर्षभरात ते स्टॅनफर्डला परतले. १० सप्टेंबर १९८३ रोजी झुरिचमध्येच त्यांचे निधन झाले. त्यांच्या तत्त्वावरील आधुनिक उपकरणे तेलविहिरींत सर्रास उतरू लागली ती १९९० च्या दशकात.