ऑटो बायर

ऑटो बायर (४ नोव्हेंबर १९०२, फ्रँकफुर्ट – १ ऑगस्ट १९८२, बुर्शाइड) हे जर्मन औद्योगिक रसायनशास्त्रज्ञ व पॉलियुरेथेनचे जनक होत. बायर कंपनीच्या संस्थापक घराण्याशी त्यांचे कोणतेही नाते नव्हते. केवळ आडनाव सारखे असल्याने हा गैरसमज वारंवार होतो. फ्रँकफुर्ट विद्यापीठात युलिउस फॉन ब्राउन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे ते आय. जी. फार्बेन या उद्योगसमूहाच्या लेवरकुसेन येथील प्रयोगशाळेचे प्रमुख झाले.

शोध

अमेरिकेत कॅरोथर्स यांनी नायलॉन तयार केल्यावर त्याच्या पेटंटबाहेरचा मार्ग शोधणे जर्मन उद्योगाला भाग पडले. डाय-आयसोसायनेट आणि अनेक हायड्रॉक्सिल गट असलेले संयुग, म्हणजे पॉलिऑल, एकत्र आणले तर कोणतेही उपपदार्थ न सुटता दीर्घ साखळी तयार होईल, असे बायर यांचे म्हणणे होते. वरिष्ठांना ते अव्यवहार्य वाटले. १९३७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह पेटंट घेतले, तरी उपयुक्त माल हाती येईना. नमुन्यांत बुडबुडे राहत. परीक्षकांनी ते फार तर नकली स्विस चीजसाठी योग्य ठरवले. पॉलिएस्टरमधील उरलेले कार्बॉक्सिल गट आयसोसायनेटशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडतात, हे बायर यांच्या गटाने ओळखले. मग हाच दोष पाणी मिसळून मुद्दाम घडवला गेला आणि फेस हेच उत्पादन ठरले.

याच काळात आय. जी. फार्बेनने ऑशवित्झजवळच्या कारखान्यात कैद्यांना राबवले. न्यूरेंबर्ग येथील कंपनीच्या खटल्यातील आरोपींत बायर नव्हते.

पुढील वाटचाल

युद्धानंतर कंपनीचे विभाजन झाले आणि बायर यांनी पुनर्स्थापित बायर कंपनीच्या संशोधनाची धुरा वाहिली. १९५० च्या दशकात स्वस्त पॉलिईथर पॉलिऑल आले आणि फोम घरोघरी पोहोचला. पॉलिऑलची निवड येथे निर्णायक असते: लांब साखळीचे व कमी हायड्रॉक्सिल गटांचे पॉलिऑल गादीसाठी मऊ फोम देते. साखर किंवा ग्लिसरीनपासून सुरुवात करून बनवलेले आखूड, बहुशाखी पॉलिऑल कठीण फोम देते. फवाऱ्याच्या फोममध्ये दोन द्रव बंदुकीत मिसळून पृष्ठभागावर मारले जातात व काही सेकंदांत फुगून घट्ट होतात. वाळूजच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात काम करणाऱ्याला अशा उष्णतारोधक थराचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. आपल्याकडचे एरंडेल तेलही निसर्गतः पॉलिऑलच आहे. त्यातील रिसिनोलेइक आम्लावर हायड्रॉक्सिल गट असतो.

१९७५ मध्ये बायर यांना चार्ल्स गुडइयर पदक मिळाले.