मलिक अंबर हबशी

रावेत ज्या पुणे प्रांतात मोडते, तो प्रांत एके काळी निजामशाहीत होता. त्या राज्याचा कारभार शेवटच्या काळात ज्याने सुमारे पंचवीस वर्षे वाहिला, तो मलिक अंबर जन्माने हबशी होता.

सुमारे १५४८ साली हबसाणात जन्मलेला हा मुलगा बाळपणीच विकला गेला. त्या काळच्या कायद्याप्रमाणे गुलाम म्हणजे मालमत्ता. त्याने फिर्याद न्यावी कोणाकडे? मोखा, बगदाद असा हातोहात फिरत तो अहमदनगरास चंगीझखान वजिराच्या पदरी पडला. हा वजीरही मूळचा हबशी गुलामच! वजीर वारल्यावर त्याच्या विधवेने अंबरास मुक्त केले. ही मुक्ती धनिणीच्या मर्जीची होती, हक्काची नव्हे. (या व्यापारात पोर्तुगीज ख्रिस्ती व्यापारीही सामील होते, हे आम्हांस सांगणे प्राप्त आहे.)

१६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर त्याने निजामशाही पुन्हा उभी केली. जमिनीची पाहणी करून, प्रत्यक्ष पीक पाहून त्याने सारा बांधून दिला. पुणे प्रांतीही पुढे हा मलिकंबरी धारा आधारास घेतला गेला. बादशहा जहांगीर मात्र त्याच्या काळ्या वर्णावरून त्यास हिणवी. अंबराच्या छिन्न मस्तकावर आपण बाण सोडीत आहो, असे चित्रही त्याने काढविले. ते मस्तक त्याच्या हाती कधी लागले नाही.

तथापि हबशी गुलाम बाळगण्याची चाल अंबरानेही मोडली नाही, हे आम्हांस खटकते. १६२६ साली तो निवर्तला. खुलताबादेस त्याची कबर आहे. गुलामावरील धन्याचा हक्क कंपनी सरकारच्या न्यायालयांत चालेनासा झाला, तो १८४३ च्या कायद्याने.