हसत सोसलेले आयुष्य : लक्ष्मीबाई टिळक

मराठीच्या तासाला आपण सर्वांनी लक्ष्मीबाई टिळकांचे नाव ऐकले आहे. ‘स्मृतिचित्रे’ म्हटले की आपल्याला आठवते ते हसू. त्या हसण्यामागे किती सोसणे होते, हे मात्र त्या वयात आपल्या ध्यानात आले नाही. आज साठी गाठल्यावर ते चरित्र पुन्हा आठवावेसे वाटते.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेर गोखल्यांचे. 1857 च्या बंडात आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचे वेड शिरले. बाजारातून आलेले मीठसुद्धा धुवून घेणारे ते घर! अकराव्या वर्षी लग्न झाले. पती नारायण वामन टिळक थोर कवी, पण कमालीचे लहरी. आज इथे, तर उद्या कुठे. हातात पैसा टिकेना, बाजाराला पाठवले तर भलतीच वस्तू घेऊन परतायचे. पाटी-पुस्तक लक्ष्मीबाईंच्या हाती आले ते लग्नानंतर, आणि तेही बेताचेच.

1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी याचा अर्थ एकच होता : नवरा जिवंत असून संसार संपला. पदरात लहानगा दत्तू. लक्ष्मीबाई काही वर्षे नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. आपले सोवळे सोडावे, असे त्यांच्या मनातही नव्हते. त्याच दुःखात त्यांना कविता सुचू लागल्या.

पुढे त्या नगर भागात टिळकांकडे परतल्या, त्या आपला धर्म आणि आपली वेगळी चूल सांभाळूनच. टिळकांनीही बळजबरी केली नाही. मनातला बदल आपल्या वेळेने आला. देवाने माणूस केला, जाती माणसाने केल्या, हे एकदा पटल्यावर ज्या बाईच्या माहेरी मीठ धुतले जाई, तिने कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे ठरवले. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागून फरपटत जाऊन नव्हे, स्वतः विचार करून घेतलेला तो निर्णय होता. त्यांच्या श्रद्धेचे बळ यातच आहे, असे मला वाटते.

या श्रद्धेने त्यांना सुखाचे दिवस दिले नाहीत. दारिद्र्य होतेच. त्यात टिळक अनाथ मुले घरी आणत आणि त्यांना जेवू घालायची जबाबदारी लक्ष्मीबाईंवर पडे. प्लेग आला तेव्हा आजारी मुलींची शुश्रूषा त्यांनी मरणाला न भिता केली. पूर्वीची सोवळ्यातली बाई आता परक्यांची लेकरे मांडीवर घेत होती.

1919 च्या मे महिन्यात टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे येशूचरित्रपर काव्य सुमारे दहा अध्यायांवर थांबले होते. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि त्याचा फार मोठा भाग रचला. मुलगा देवदत्त यांच्या आग्रहाने आठवणीही सांगितल्या. 1934 पासून ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने येऊ लागले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्यांचे निधन झाले.

त्या पुस्तकात कोणाविषयी कडवटपणा नाही. विक्षिप्त वडील, लहरी नवरा, दुरावलेले नातलग, सगळ्यांकडे त्या मायेने पाहतात आणि सर्वांत जास्त हसतात ते स्वतःला. दुःख झाकण्यासाठी हे हसू नाही. आपला भार उचलणारा कोणी आहे, या खात्रीतून ते आले आहे.

आपल्या तुकडीतही कोणी जोडीदार गमावला, कोणी नोकरी, कोणी आजारपण काढले. काही बाके या मेळाव्यात रिकामीच राहिली. प्रत्येकाची श्रद्धा वेगळी असेल. पण सोसूनही मन आंबट होऊ न देणे, हा लक्ष्मीबाईंचा धडा परीक्षेपुरता नव्हता. तो आता कुठे आपल्याला कळू लागला आहे.