वेगाला लगाम घालणारे वॉर्ड लिओनार्ड

यवतमाळ जिल्ह्यातील वणी परिसर कोळशाच्या खुल्या खाणींसाठी ओळखला जातो. खुल्या खाणीत वापरल्या जाणाऱ्या अजस्र विद्युत शॉव्हेलचे काम अवघड असते. भरलेले बकेट सावकाश उचलायचे, रिकामे झपाट्याने परत आणायचे आणि क्षणात दिशा बदलायची. जगभरातील अशा शॉव्हेलना कित्येक दशके ज्या पद्धतीने हे साधता आले, तिचे जनक होते हॅरी वॉर्ड लिओनार्ड.

८ फेब्रुवारी १८६१ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी येथे त्यांचा जन्म झाला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १८८३ मध्ये पदवी घेतल्यावर ते थॉमस एडिसन यांच्याकडे रुजू झाले. शहरोशहरी वीजकेंद्रे उभारण्याचा तो काळ होता. वीज घरोघरी पोहोचू लागली, पण विजेच्या मोटरचा वेग हवा तसा बदलण्याचा काटकसरीचा मार्ग सापडला नव्हता. वेग कमी करण्यासाठी मोटरच्या मार्गात रोधक जोडला जाई. भार तेवढाच ठेवून वेग निम्मा केला, की जवळपास निम्मी वीज उष्णता होऊन वाया जाई. शिवाय भार बदलला की वेगही बदले.

लिओनार्ड यांनी १८९१ मध्ये प्रश्नच उलटा केला. मोटरला दिलेली वीज वाटेत अडवण्याऐवजी मुळातच हवी तेवढ्या दाबाची वीज का निर्माण करू नये? त्यांनी स्थिर वेगाच्या यंत्राला एक स्वतंत्र जनित्र जोडले आणि त्या जनित्राच्या चुंबकक्षेत्राचा अल्प प्रवाह कमी-जास्त करून मुख्य मोटरचा वेग शून्यापासून पूर्णापर्यंत नेला. हा प्रवाह उलटा केला की मोटर उलटी फिरे. ओझे खाली उतरताना मोटरच जनित्र होऊन वीज परत देई.

मात्र एका मोटरच्या कामासाठी तीन यंत्रे लागत. हा खर्च परवडणार कसा, हा आक्षेप रास्त होता. लिओनार्ड मागे हटले नाहीत. १८९६ मध्ये अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडलेल्या निबंधात त्यांनी वेगनियंत्रणासाठी रोधकापेक्षा विद्युतदाबाचीच बाजू घेतली. कामाच्या स्वरूपावरून निवड करणाऱ्यांना ती पटत गेली. क्वचितच वेग बदलणाऱ्या यंत्राला रोधक पुरेसा होता. पण लिफ्ट, खाणीतील पाळणे आणि युद्धनौकांवरील तोफांचे बुरूज यांना नेमका व तत्काळ ताबा हवा होता. तेथे तीन यंत्रांचा खर्च सार्थकी लागला.

१८ फेब्रुवारी १९१५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याच संस्थेच्या मेजवानीप्रसंगी त्यांचे आकस्मिक निधन झाले. तेव्हा ते अवघे ५४ वर्षांचे होते.

पुढे थायरिस्टर आले आणि फिरत्या जनित्राची जागा इलेक्ट्रॉनिक उपकरणाने घेतली. आजचे इन्व्हर्टर विद्युतदाबाबरोबर वारंवारताही बदलतात. यंत्रे बदलली, तरी वीज जाळून वेग कमी करण्यापेक्षा मोटरला हवी तशीच वीज पुरवावी, हा लिओनार्ड यांचा विचार टिकून आहे.