केसरबाईंची पाव शतकाची तालीम

गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या केरी गावी १३ जुलै १८९२ रोजी केसरबाई केरकर यांचा जन्म झाला. तिन्ही सप्तकांत सारख्याच वजनाने फिरणारा त्यांचा आवाज दैवी देणगी मानला जातो. त्यांच्या शिक्षणाचा इतिहास मात्र निराळेच सांगतो.

वयाच्या आठव्या वर्षी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ यांच्याकडे सुरू झालेली तालीम जेमतेम आठ महिने टिकली. पुढे रामकृष्णबुवा वझे, सतारिये बरकतउल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले. गुरू एकाहून एक थोर, परंतु कोणाचाही सहवास दीर्घकाळ लाभला नाही. गळा तयार झाला होता, पण त्याला एक ठाम वळण नव्हते.

१९२१ मध्ये, वयाच्या २९व्या वर्षी, त्यांनी जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ यांचा गंडा बांधला. हाती असलेली विद्या बाजूला ठेवून पुन्हा पहिल्या स्वरापासून आरंभ करावयाचा होता. स्वच्छ आकार, विलंबित लयीशी घट्ट बांधलेल्या तानांची गुंफण, अनवट आणि जोडरागांची अवघड वाट आणि या साऱ्याला पुरून उरणारा दमसास! या गायकीत आडवाटेने पोहोचता येत नाही. खुद्द खाँसाहेबांनी तरुणपणी आमलेटा संस्थानात अतिगायनाने आवाज गमावला होता आणि बदललेल्या आवाजाला मानवेल अशी गायकी नव्याने घडविली होती. अशा गुरूकडे घाईला थारा कोठून असणार? हे गुरुशिष्याचे नाते १९४६ मध्ये खाँसाहेबांच्या निधनापर्यंत, म्हणजे २५ वर्षे टिकले.

‘सुरश्री’ ही पदवी त्यानंतर, १९४८ मध्ये कोलकात्यात मिळाली. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६९ मध्ये पद्मभूषण, असे सन्मान येत गेले. आवाज पूर्वीसारखा साथ देईना, तेव्हा साठच्या दशकाच्या मध्यास त्यांनी जाहीर मैफली थांबविल्या. हा निर्णयही त्यांच्या शिस्तीला साजेसाच म्हणावा लागेल.

विद्या देताना त्या तितक्याच काटेकोर होत्या. धोंडूताई कुलकर्णी यांच्याखेरीज त्यांनी कोणालाही शिष्या मानले नाही. ध्वनिमुद्रणाविषयीही त्यांना फारशी आस्था नव्हती. तरीही त्यांची भैरवीतील साडेतीन मिनिटांची एक ध्वनिमुद्रिका १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांतून अंतराळात गेली. दुसरे यान ५ सप्टेंबरला झेपावले. १६ सप्टेंबर रोजी केसरबाईंनी जगाचा निरोप घेतला.