शुक्राणू जगाला दाखवले ते एका कापड दुकानदाराने!

शाळेच्या पुस्तकात शेपटीवाल्या शुक्राणूचं चित्र सगळ्यांनीच पाहिलंय. पण ते पहिल्यांदा जगासमोर मांडणारा माणूस डॉक्टर नव्हता, प्राध्यापकही नव्हता. तो होता नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावचा कापड दुकानदार, अँटनी व्हॅन लेव्हेनहूक.

त्याचा जन्म १६३२ चा, वडील टोपल्या विणायचे. कॉलेजचं शिक्षण नाही आणि त्या काळी विद्वानांची भाषा असलेली लॅटिनही येत नव्हती. कापडाची वीण तपासायला व्यापारी भिंग वापरत. लेव्हेनहूकला भिंगाचाच नाद लागला! तो स्वतः इवलीशी भिंगं घासून सूक्ष्मदर्शक बनवू लागला. त्यातला आज शिल्लक असलेला एक तर वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवतो.

१६७७ साली योहान हाम हा वैद्यकीचा विद्यार्थी त्याच्याकडे एक नमुना घेऊन आला. परमा झालेल्या रुग्णाचं ते वीर्य होतं. त्यात शेपटीवाले जीव वळवळत होते. हामला वाटलं, हे रोगामुळे वीर्य सडून झालेले असणार.

मग निरोगी माणसाच्या वीर्यात काय असतं? ते पाहायला लेव्हेनहूकने स्वतःचंच वीर्य तपासलं. तिथेही तेच जीव!

आता खरी पंचाईत झाली. असला विषय लिहून कळवायचा कसा? लोक नावं ठेवतील ही भीती होतीच. तरी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र पाठवलं. नमुना पत्नीसोबतच्या संबंधातलाच असल्याचा खुलासा केला आणि मजकूर अशोभनीय वाटला तर छापू नका, असंही कळवलं. सोसायटीने ते छापलं! १६८० मध्ये त्याला सदस्यत्वही दिलं.

पुढे त्याने कुत्रा, ससा, बेडूक, मासे, कीटक अशा अनेक प्राण्यांमध्ये शुक्राणू शोधले. म्हणजे हा रोग नव्हता, तर नराच्या शरीराचा नेहमीचाच भाग होता.

एक चूक मात्र त्याच्याकडून झाली. नवा जीव शुक्राणूतूनच येतो, आई फक्त त्याचं पोषण करते, असं तो धरून बसला. १७२३ मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी तो गेला, तेव्हाही हे कोडं सुटलेलं नव्हतं.

ते सुटायला १८७६ साल उजाडलं. जर्मनीच्या ऑस्कर हर्टविगने सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्यात शुक्राणू आणि अंडपेशी यांची केंद्रकं एक होताना पाहिली. बाळात आईचा वाटाही तितकाच असतो, हे समजायला जवळपास २०० वर्षं लागली. पण सुरुवात झाली ती लाज बाजूला ठेवून लिहिलेल्या एका पत्राने!